भिंतीच्या दोन्ही बाजूंची जाळी

९ जुलै १८७७, स्टेनबेक

नमुना-विनिमय मंडळाचा यंदाचा अहवाल सकाळच्या टपालाने आला. वीस वर्षे मी या मंडळाला वाळवलेल्या वनस्पती पाठवतो आहे, आणि वीस वर्षे माझ्या नमुन्यांखाली दुसऱ्यांचे शेरे छापून येत आहेत. 'प्रो. टॉल्सन यांचा नमुना अपुरा.' 'प्रो. टॉल्सन यांनी फळे जोडलेली नाहीत.' यंदा शेरा नाही. यंदा माझ्या नावावर ब्लॅकबेरीच्या दोन नव्या जाती आहेत, एकाच पानावर, एकीखाली एक. एका ठिकाणी शाई पसरली आहे. ते अक्षर मी टोकदार पेनाने नीट केले आणि मग नाश्त्याला बसलो.

पहिली जात माझ्याच परसातली, दक्षिणेच्या उन्हात वाढलेली. पाने आखूड, रुंद, खालून पांढरी लवदार; काटे जाड आणि मागे वळलेले; फुले गुलाबी. तिला मी आमचे प्रिन्सिपॉल डॉ. कर्शॉ यांचे नाव दिले. दुसरी परसाच्या भिंतीपलीकडची, चॅपलच्या दफनभूमीत सावलीला वाढलेली. पाने लांबट, पातळ, खालून हिरवी, काटे बारीक, फुले जवळजवळ पांढरी. तिला रेव्हरंड एमरी यांचे नाव. एमरी हे दूर दक्षिणेकडच्या एका खेड्यातले पाद्री, पण ब्लॅकबेरीच्या बाबतीत साऱ्या देशात त्यांचा शब्द शेवटचा. दोन्ही नमुने तपासून त्यांनी स्वतः 'निःसंशय भिन्न' असे लिहिले आहे.

एका भिंतीच्या अंतरावर नांदूनही या दोघी एकमेकींत मिसळलेल्या नाहीत, हाच त्या भिन्न असल्याचा पुरावा, असे मी टिपणीत म्हटले होते. टिपणी पुन्हा वाचली. युक्तिवादात कुठेही फट नाही.

डॉर्कसचे म्हणणे, जेली दोन्हींची सारखीच लागते. चव हे जात ठरवण्याचे लक्षण नव्हे, हे मी तिला समजावून सांगितले. "बरं," ती म्हणाली, "मग बरण्यांवर काय लिहू, प्रिन्सिपॉल की पाद्री?" लग्नाला इतकी वर्षे झाली, पण माझ्या बायकोला वर्गीकरणाचे गांभीर्य अजून कळलेले नाही.

१३ जुलै

प्रिन्सिपॉलनी बोलावून घेतले. काटे फार आहेत का, असे विचारले. भरपूर आहेत, मागे वळलेले आहेत आणि एकदा लागले की सुटत नाहीत, असे मी सांगितले. त्यांनी खिडकीबाहेर पाहिले. मग म्हणाले, "कॉलेज चालवायला तसेच लागतात, टॉल्सन." त्यांना फार आनंद झाला होता.

आणि मग ते झाले, ज्याची मी वाट पाहत होतो पण कुणाजवळ बोललो नव्हतो. लंडनच्या शास्त्रज्ञांच्या सोसायटीच्या फेलोपदासाठी, म्हणजे मानाच्या सभासदत्वासाठी, ते माझे नाव सुचवणार आहेत. दुसरी सही एमरींची. उमेदवाराचा कागद सोसायटीच्या भिंतीवर टांगला जाईल आणि डिसेंबरात मतदान होईल.

त्या कागदावर 'पदवी' असा एक रकाना आहे. माझे वडील माळरानावर दगडी कुंपणे रचायचे. मी अकरा वर्षांचा असताना कालव्याच्या मोजणीवर साखळी धरायला लागलो. भूमिती मी बोटीवर बसून शिकलो आणि कलनशास्त्र एका फ्रेंच पुस्तकातून, फ्रेंच येत नसताना. एकोणचाळिसाव्या वर्षी या कॉलेजने मला गणिताचा प्रोफेसर केले, कारण माझी परीक्षा घ्यायला आलेल्या केंब्रिजच्या दोघांना मी घातलेले उदाहरण सुटले नाही. त्या रकान्यात मी 'नाही' असे लिहिले, इतर रकान्यांतल्या अक्षरांइतक्याच मोठ्या अक्षरात.

पण फेलो झालो, तर तो रकाना पुन्हा कधी भरावा लागणार नाही.

२३ जुलै

नवा साहाय्यक अध्यापक, ह्यू अ‍ॅलरडाइस, आज चहाला आला. केंब्रिजचा, वरच्या क्रमांकाचा. त्याचे संशोधन ताऱ्यांच्या निरीक्षणात होणाऱ्या चुकांवर आहे. सोसायटीचा फेलो तो पंचविसाव्या वर्षीच झाला. काका तिथे कुणीतरी मोठे आहेत. माणूस नम्र आहे. अशा लोकांना नम्रता परवडते.

माझ्या दोन्ही जाती पाहायच्या आहेत म्हणाला. दाखवल्या. त्याने विचारले, "सर, प्रत्येक जातीची किती पाने मोजलीत?"

मी सांगितले की मला एक पान पुरते. डोळा तयार असावा लागतो. त्याने मान डोलावली आणि आणखी एक केक घेतला. प्रश्नात खोच होती हे डॉर्कसला पटत नाही. ती म्हणते, त्याला खरेच जाणून घ्यायचे होते आणि खरेच भूकही लागली होती.

५ ऑगस्ट, रविवार

रविवारी मी वनस्पतींना हात लावत नाही. चॅपलच्या खिडकीतून एमरीची ब्लॅकबेरी दिसते, ती पाहणे हे काम नव्हे.

प्रार्थना संपल्यावर ईनॉक बर्टविसलने मला दारात गाठले. तो चॅपलची राखण करतो, कबरी खणतो आणि गवत कापतो. कालव्यावर साखळीचे दुसरे टोक तोच धरायचा. त्यामुळे माझ्याशी कसे बोलावे याविषयी त्याच्या मनात कधीच संभ्रम नसतो. सुगीच्या चहापार्टीपूर्वी दफनभूमीतली जाळी काढून टाका, असा विश्वस्तांचा हुकूम आहे म्हणाला. तीन कबरी तिने गिळल्या आहेत, आणि त्यांतली एक एका विश्वस्ताच्या आईची आहे.

मी त्याला सांगितले की त्या जाळीला हात लावायचा नाही, साऱ्या पृथ्वीवर ती जात तेवढ्या एकाच ठिकाणी आहे.

"माझ्या कोपरावर ये बघायला," ईनॉक म्हणाला. "तिथंपण आहे तुझी जात. गवत कापताना दर शनिवारी काट्यांची नवी लागवड होते."

शेवटी त्याने सप्टेंबरपर्यंत मुदत दिली.

३ सप्टेंबर

आज जे घडले ते जसे घडले तसे लिहितो.

दुपारी परसात, कर्शॉच्या जाळीपाशी, काट्यांची वळणे मोजत उभा होतो. वारा अजिबात नव्हता. धुराड्याचा धूर सरळ वर जात होता. आणि माझ्यासमोरची जाळी हलली. एकदा, मग पुन्हा, मग अशी की हातातली पट्टी खाली पडली.

आत कुत्रे शिरले असेल म्हणून मी काठीने ढोसले. कुत्रे नव्हते. भिंतीपलीकडून मात्र शिव्या ऐकू येत होत्या, चॅपलच्या आवारात ऐकू येऊ नयेत अशा. मी हाक मारली. ईनॉकने सांगितले की एकच दांडा ओढून पाहतोय, मुळापासून निघतो का ते बघायला, बाकीच्या जातीला धक्का लावलेला नाही.

"ओढ," मी म्हणालो.

"अरे, हात लावू नको म्हणालास ना?"

"ओढ, ईनॉक."

त्याने ओढले. माझी जाळी नखशिखांत थरारली.

"थांब," मी म्हणालो. "आता पुन्हा."

"प्रोफेसर," पलीकडून आवाज आला, "तुझी तब्येत बरी आहे ना? डॉर्कसला बोलावू का?"

४ सप्टेंबर

सकाळी कुदळ घेऊन भिंतीच्या पायथ्याशी खणले. पाणी जाण्यासाठी भिंतीत एक भोक ठेवलेले आहे. वडिलांनी बांधली असती तर त्यांनीही तिथेच ठेवले असते. त्या भोकातून मनगटाएवढा जुना दांडा पलीकडे गेला आहे. शिवाय ब्लॅकबेरीची लांब फांदी कमानीसारखी वाकून जमिनीला टेकली की तिथे नवी मुळे धरते, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. अशा तीन कमानी भिंतीच्या माथ्यावरून गेलेल्या आहेत. पलीकडे जे काही आहे ते सगळे अलीकडून गेलेले आहे.

मूळ एकच. झाड एकच. उन्हात ते कर्शॉ आहे आणि सावलीत एमरी.

आणि माथ्यावरची पाने? ती आज प्रथमच नीट पाहिली. ना आखूड ना लांब, ना पांढरी ना हिरवी. आजवर त्यांचा एकही नमुना मी वाळवला नव्हता, कारण ती कोणत्याच जातीत नीट बसत नव्हती. टिपकागदात घालायला आपण नेहमी 'चांगले' पान निवडतो. म्हणजे आपल्याला जे सिद्ध करायचे आहे ते बोलणारे पान.

६ सप्टेंबर

दोन दिवस वर्गावर जाऊन आलो, काय शिकवले ते आठवत नाही.

हे फक्त मला ठाऊक आहे. ईनॉकला वाटते, मला उन्हाचा त्रास झाला. आज तो येऊन म्हणाला की हुकूम दे, दोन्हीकडची जाळी एका दिवसात उपटून जाळून टाकतो, तुझीही कटकट मिटेल आणि माझीही. मी त्याला नाही म्हणालो नाही. मी म्हणालो, उद्या सांगतो. हे या वहीत लिहून ठेवणे भाग आहे.

जाळी गेली की पुरावा गेला. एमरींच्या कपाटात दोन सुंदर नमुने उरतील, 'निःसंशय भिन्न'. डिसेंबरात मतदान होईल आणि मी फेलो होईन. उलट मी बोललो, तर ज्या दोघांच्या सह्यांवर माझा कागद उभा आहे, त्या दोघांच्याच नावाची झाडे मी एका कुदळीत उपटून टाकणार. बिनपदवीच्या माणसाची चूक आणि केंब्रिजच्या माणसाची चूक यांना एकच माप लावले जात नाही. केंब्रिजवाल्याची चूक होते. माझ्यासारख्याचे पितळ उघडे पडते.

जेवताना डॉर्कसला सांगितले. ती चारचौघांत मला प्रोफेसर म्हणते, घरात एफ्रेम म्हणते आणि रागावली की नुसते टॉल्सन.  आज ती ऐकता ऐकता मटणाच्या रश्श्यात पाव बुडवत राहिली.

मग म्हणाली, "एफ्रेम, समज ही चूक दुसऱ्या कुणी काढली, तर चालेल का तुला?"

"कोण काढणार? काढण्याइतका बारीक पाहणारा कोण आहे?"

"समज, त्या अ‍ॅलरडाइसने काढली."

मी चमचा खाली ठेवला.

"मग तूच काढ," ती म्हणाली. "आणि नुसती काढू नको. तू काढतोस तशी काढ, कुणाला काही बोलायला जागाच राहणार नाही अशी."

ईनॉकला निरोप पाठवला: जाळीला हात लावशील तर याद राख.

१६ सप्टेंबर

आठवडाभर मोजतो आहे. आता पाने निवडायची नाहीत असा नियम केला. भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, दोन्ही बाजू आणि माथा, प्रत्येक दांड्यावरचे हाताला येईल ते पान. प्रत्येकाच्या शेंड्याच्या पर्णिकेची लांबी आणि रुंदी, आणि त्यांचे गुणोत्तर.

अ‍ॅलरडाइस बुधवारी सहज म्हणून आला आणि मला पानांच्या ढिगात बसलेला पाहून त्याने कोट काढला. मी त्याला सगळे सांगितले, कारण न सांगता त्याला कळले असते तर ते जास्त वाईट झाले असते. तो हसला नाही. "मला मोजायला द्याल?" एवढेच विचारले. माझ्यावर नजर ठेवायची असणार. पण पट्टी नीट धरतो.

मोजून झालेली पाने कुठे ठेवायची, हा प्रश्न होता. बैठकीतला गालिचा गुंडाळून आम्ही जमिनीवर गुणोत्तराप्रमाणे चळती लावू लागलो. डावीकडे सर्वांत रुंद पाने, उजवीकडे सर्वांत लांबट. काल संध्याकाळी चहाच्या वेळी डॉर्कस दारात येऊन उभी राहिली. "ही टेकडी कसली?" ती म्हणाली.

मी मागे सरून पाहिले. डावीकडच्या कडेला दोन-चार पानांची चळत, मग उंच, आणखी उंच, मधोमध गुडघ्याएवढी, आणि मग तितक्याच सावकाशीने उजवीकडे उतार. चॅपलच्या घंटेसारखा आकार. कालव्यावर एकच अंतर आम्ही शंभरदा मोजायचो, तेव्हा आमच्या चुका याच आकारात पसरायच्या. अ‍ॅलरडाइसचे तारेही तसेच पसरतात. तो आकार माझ्या बैठकीत, पानांचा बनवलेला.

कर्शॉ डावीकडच्या कडेला. एमरी उजवीकडच्या. दोन शिखरे नाहीत. शिखर एकच.

अ‍ॅलरडाइस म्हणाला, "सर, हे छापायला हवं." त्याचा आवाज जरा विचित्र झाला होता. धुळीने असेल.

मला हे सुचले ही माझ्या मोजणीच्या दिवसांची पुण्याई. किती पाने मोजली, असे कुणीतरी विचारायला हवे होते, आणि ते मी स्वतःला विचारले.

१९ सप्टेंबर

मधल्या चळतीतले पान कोणत्या जातीचे, हे पाहायचे राहिले होते. अ‍ॅलरडाइसने हमरस्त्याच्या कुंपणावरून पोतेभर पाने आणली. ती मोजली. तीच टेकडी, तेच शिखर.

म्हणजे माझ्या परसात वाढते आहे ती देशातली सर्वांत साधी ब्लॅकबेरी. गाढवेसुद्धा जिच्याकडे पाहत नाहीत ती. तिला नाव देऊन लोकांना कित्येक वर्षे झाली. माझी दोन्ही नावे रद्द.

अपमान वाटायला हवा होता. मी मात्र तासभर बैठकीत येरझाऱ्या घातल्या आणि गुणगुणत होतो, असे डॉर्कस सांगते. एक चूक करणे कुणालाही जमेल. ती इतक्या सुबकपणे सिद्ध करणे माझ्याशिवाय कुणाला जमले नसते.

२४ सप्टेंबर

प्रिन्सिपॉलना भेटलो. त्यांच्या खुर्चीवर नवी उशी होती. त्यांच्या बहिणीने उन्हाळाभर बसून तिच्यावर रंगीत लोकरीने माझी जात विणली आहे, काट्यांसकट. काटे फार बरोबर आले आहेत.

मी सगळे सांगितले. बोलणे संपले तेव्हा ते उशीला टेकायचे टाळून पुढे सरकून बसले होते.

"म्हणजे ती रस्त्याकडेची साधी ब्लॅकबेरी आहे," ते म्हणाले.

"होय, सर. फक्त तिला ऊन भरपूर मिळालेले आहे."

हे म्हणायला नको होते. त्यांनी थंडपणे सांगितले की अशा परिस्थितीत सोसायटीच्या कागदावरची आपली सही तूर्त मागे घेणेच योग्य, माझ्याविषयी आदर कायम आहेच. दोन सह्यांखेरीज कागद मतदानाला जात नाही. एमरींनाही आज पत्र टाकले, पानांच्या मोजमापांसह. तीही सही गेल्यात जमा.

रात्रीचे जेवण गेले नाही. मी केले ते बरोबर केले. पण बरोबर केल्याने सही परत येत नाही.

२ ऑक्टोबर

सकाळी दार वाजले. दारात चिखलाने माखलेले बूट घातलेले एक लहानखुरे वृद्ध गृहस्थ, पाठीला पत्र्याची पेटी. रेव्हरंड एमरी. रात्रभर गाडीत बसून आले होते. चहा नको म्हणाले. "ती भिंत कुठे आहे?"

परसात जाऊन ते थेट गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी मी खणलेल्या खड्ड्यात डोके घातले. मग दफनभूमीत जाऊन पलीकडून डोके घातले. ईनॉक टोपी काढून उभा होता. त्याला वाटले, प्रार्थना चालली आहे. मग एमरींनी त्याला दांडा ओढायला लावला आणि स्वतः माझ्या बाजूला येऊन जाळी हलताना पाहिली. चार-पाच वेळा ओढायला लावला.

शेवटी ते उलट्या बादलीवर बसले. मी उभाच होतो. माझ्या आयुष्यात मी शिक्षकापुढे असा कधी उभा राहिलेलो नाही, कारण मला शिक्षक नव्हता.

"प्रोफेसर," ते म्हणाले, "माझ्या बागेलाही एक भिंत आहे."

त्यांनी बुटाचा चिखल बादलीच्या कडेला पुसला.

"माझ्या जातींपैकी चार मी त्या भिंतीवरून घेतल्या. परवा तुमचं पत्र आलं. तेव्हापासून मी त्या बाजूला गेलेलोच नाही. आधी इथं आलो." त्यांनी हातरुमालाने कपाळ पुसले आणि हसायला लागले. "तीस वर्षं मी लोकांच्या पानांवर निकाल देतोय. झाड बघायला पाठवा, असं एकदासुद्धा म्हणालो नाही."

सही ठेवतो म्हणाले. शिवाय निबंध वाचायला मला सोसायटीने बोलवावे, हे ते पाहणार आहेत. जाताना डॉर्कसने जेलीची बरणी दिली. बरणीवर तिने काहीच लिहिलेले नव्हते.

आता एक सही आहे. दुसरी हवी.

२२ ऑक्टोबर

अ‍ॅलरडाइस आठवडाभर लंडनला गेला आहे, घरचे काम आहे म्हणून. सत्र ऐन भरात असताना. पानांच्या टेकडीचे मी काढलेले आलेखही बरोबर नेले आहेत, काकांना दाखवतो म्हणाला. मी देऊन बसलो. एक तर हा आलेख उद्या केंब्रिजच्या नावावर छापून येईल, नाही तर माझ्या जागी त्याचा कुणी मित्र निवडून येईल. डॉर्कसला तसे बोललो. ती मला टॉल्सन म्हणाली.

१५ नोव्हेंबर, लंडन

निबंध वाचला.

सोसायटीच्या सभागृहात शिरताना दाराजवळच्या भिंतीवर माझा कागद टांगलेला दिसला. प्रिन्सिपॉलच्या नावावर रेघ होती. तिच्याखाली बारीक नीटस अक्षरात दुसरी सही: ह्यू अ‍ॅलरडाइस, व्यक्तिगत परिचयावरून. म्हणजे कागद मतदानाला जाणार. मी क्षणभर चक्रावलो. मग उमगले. तरुण माणसांना आपले नाव भिंतीवर पाहण्याची हौस असते, आणि एमरींच्या सहीशेजारी कोणाला नको असते? काही का असेना, माझे काम झाले.

एमरींनी भिंत, भोक आणि ईनॉक यांचे वर्णन गाळू नका असे बजावले होते. गाळले नाही. जाळी हलली तिथे लोक हसले. मी थांबलो, हसू दिले. मग आलेख उघडला आणि हसणे थांबले. एक शिखर. दोन्ही कडांना माझीच दोन नावे, माझ्याच हाताने लिहून मीच खोडलेली. मधोमध कुंपणावरची साधी ब्लॅकबेरी. एवढ्या लोकांना एकाच वेळी गप्प बसलेले मी फक्त चॅपलमध्ये पाहिले आहे, आणि तिथे निम्मे झोपलेले असतात.

चर्चेत एक वजनदार गृहस्थ उठले. आवाजात सगळे सभागृह आपलेच असल्याची खात्री. "म्हणजे यापुढं फूल ओळखायला आम्ही गणिताचे प्रोफेसर बोलवायचे?"

"नाही, सर," मी म्हणालो. "फूल ओळखायला डोळे पुरतात. एकच फूल पाहून नवी जात ठरवायची असेल, तेव्हा बोलवा. ती चूक आतून कशी दिसते ते मला ठाऊक आहे."

टाळ्या प्रथम मागच्या बाकांवरून आल्या. तिथे अ‍ॅलरडाइस आणि त्याच्या वयाची बरीच मंडळी बसली होती. मग पुढे आल्या. आणि एमरी उठून उभे राहिले. आपण नावे दिलेल्या जातींपैकी अकरा आज या सभेत मागे घेतो, असे त्यांनी सांगितले, आणि उरलेल्या मोजेपर्यंत कोणी त्यांवर विसंबू नये. "भिंतीपाशी गेल्या महिन्यात गेलो," ते म्हणाले. "दांडा ओढून पाहिला."

त्यानंतर काय झाले ते मला सलग आठवत नाही. पुष्कळ लोकांनी हात हातात घेतला. मी कोणत्या विद्यापीठाचा, असे कुणीही विचारले नाही. पुढचा निबंध कधी, असे विचारत होते.

६ डिसेंबर, लंडनहून परतताना, गाडीत

निवडून आलो. विरुद्ध मते इतकी थोडी की अध्यक्षांनी ती वाचून दाखवली नाहीत. चामड्याच्या मोठ्या वहीत सही केली, 'एफ्रेम टॉल्सन', आणि पेन ठेवण्यापूर्वी शाई वाळू दिली. पन्नास वर्षांनी कुणी पाहिले तरी अक्षर स्वच्छ दिसले पाहिजे.

डॉर्कस पाहुण्यांच्या सज्जात बसली होती. मी वर पाहिले तेव्हा ती टोपीची फीत पुन्हा पुन्हा बांधत होती.

कितीतरी तरुण फेलो येऊन भेटले. ऑक्टोबरपासून अ‍ॅलरडाइस त्यांच्याशी माझ्याखेरीज दुसरे काही बोललेलाच नाही, असे एकाने हसत सांगितले. आलेख त्याने प्रत्येकाच्या घरी नेऊन दाखवला म्हणे. मुलाला बोलण्याची सवय आहे खरी. माझा निबंध कानोकानी पसरण्याइतका जोरदार होता, हे यावरून कळते. प्रिन्सिपॉलनीही तार केली आहे: कॉलेजच्या पत्रकात माझ्या नावापुढे फेलो छापायला सांगितले आहे, आणि त्यांचा माझ्यावर पहिल्यापासून विश्वास होता.

अ‍ॅलरडाइस आमच्याच डब्यात आहे. मघाशी जरा अडखळत त्याने विचारले, उन्हाळ्यात डँडेलियनच्या पिवळ्या रानफुलांवर हीच पद्धत चालवून पाहता येईल का, आणि मी त्याला सोबत घेईन का. डॉर्कसने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, आधी पान टिपकागदात नीट घालायला शीक, मग बघू, शनिवारी ये. त्याचा चेहरा असा उजळला की पाहवेना. आता तो खिडकीला डोके टेकून झोपला आहे. डॉर्कसने तिची शाल त्याच्या गुडघ्यांवर टाकली आहे.

मी त्याला हाताशी धरायचे ठरवले आहे. गुणी आहे, पण बुजरा. या जगात त्याच्यासाठी शब्द टाकणारे कोणी दिसत नाही. निव्वळ स्वतःच्या बळावर वर येणे माझ्यासारख्याला जमले. सगळ्यांना जमत नाही. कुणीतरी पाठीशी उभे राहावे लागते.